किरणं कुठवर पोचली

चष्मा, अंगठी, पट्ट्याचं बकल,
गळ्यातला तांब्याचा तावीज
तबकात काढून ठेवून दस्तगीर पेंटरांनी विचारलं,
"दातातली चांदी चालंल काय, ताई?"
चालेल म्हटलं.
नखांत अडकलेल्या पिवळ्या रंगाचं
त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

शाहूपुरीत तळघरात आमचं मशीन.
वर गुळाच्या ढेपा उतरवणारे ट्रक, नोव्हेंबरचं ऊन,
खाली गारठा
आणि अभ्यासातला अकरावा माणूस.
काचबिंदू, दोन्ही डोळे.
शिरगुप्पे मॅडमना बघायचंय,
डोळ्यात विझलेलं
मेंदूत कुठवर विझत जातं.

सहीच्या जागेवर बोट ठेवून द्यावं लागलं.
"मधलं दिसतंय," म्हणाले, "कडा गेल्या.
आणि आमचा धंदा सगळा कडंचा.
अक्षराची सावली कडंला,
हिरोच्या गालाची लाली कडंला.
आधी वाटलं ट्यूब जुनी झाली, दोन बदलल्या.
मग एका खानावळीला 'तांबडा-पांढरा' लिहीत होतो,
बोर्ड संपला तरी लिहितोयच,
'रा' गेला भितीवर!
मालक हसला. मी बी हसलो.
रात्री न्हाई हसलो."

आत सरकताना म्हणाले,
"कबरीत पण एवढा आवाज नसंल वं."
हलू नका, म्हटलं मी माईकमधून.
एक डोळा झाकला. आरशात लुकलुकू लागल्या
काळ्या-पांढऱ्या चौकटी.
"ह्ये तर आमचंच!" आतून आवाज आला,
"पोस्टकार्डावर चौकटी मारून
तीस फुटाचं तोंड काढायचो.
आज आमच्या डोस्क्यावर मारल्या म्हणा की."
पुन्हा घ्यावं लागलं. हलले होते.

पडद्यावर त्यांची नस,
धुऊन धुऊन विरलेल्या नाडीसारखी.
मागे, डोक्याच्या पार मागच्या टोकाला
एक ठिपका तेवढा लाल, पेटलेला:
मधलं दिसतंय ते.
तिथून आत आत, जिथे कडांची वस्ती होती,
घरं आहेत, दिवे नाहीत.

मॅडम म्हणतात, मेंदू काळं सोडत नाही.
जिथे काहीच पोचत नाही
तिथे शेजारचा रंग ओढून भरून टाकतो,
भिंत असेल तर भिंत, आभाळ असेल तर आभाळ.
म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही कुणाला.
आणि कदाचित
एका डोळ्याचं हरवलेलं दुसऱ्याकडे राहील
अशी वाटणीही तोच करत असेल.
कदाचित, म्हणतात त्या. अजून एकोणीस माणसं बाकी आहेत.

बाहेर आल्यावर तावीज बांधता बांधता त्यांनी सांगितलं,
महाद्वार रोडला एका गच्चीवर त्यांचं होर्डिंग होतं.
किरणोत्सवाला आठ दिवस असताना माणसं आली,
वाटेत येतंय म्हणाली.
"रातोरात उतरवलं. आपल्यापायी कशाला अडावं ऊन?
पहिल्या दिवशी पायावर, मग कंबरंवर, मग तोंडावर.
त्या साली तोंडापर्यंत गेली म्हणं.
मी बाहेरच हुतो, शिडीवर."
मग हळूच,
"आमची किरणं कुठवर पोचली, ताई?"

रिपोर्ट मॅडम सांगतील.
हे वाक्य मी दिवसाला चाळीसदा म्हणते.
या वेळी नीट म्हणता आलं नाही.

जिना ते मोजत चढले. चौदा.
शेवटची पायरी त्यांनी पायानं आधी विचारून घेतली.
रिक्षा येईपर्यंत मी शेजारी उभी राहिले.
मान पुरती मागे टाकून, सावकाश,
एकेक अक्षर डोळ्यांच्या मधोमध आणत
ते आमच्या पाटीकडे बघत होते.

"त्या 'स्कॅन'मधल्या 'न'ची काठी उडालीया.
का मलाच दिसंना?"

खरंच उडाली होती. केव्हाची तरी, पावसानं.
सहा वर्षं रोज त्या पाटीखालून जाते मी.
मला तो 'न' पुरा दिसायचा.